वाशिष्ठी खाडी: मगरी, कांदळवन आणि घाटापलीकडचे पाणी

वाशिष्ठी ही रत्नागिरी जिल्ह्यातील एक प्रमुख नदी. चिपळूण तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत तिचा उगम होतो आणि दाभोळजवळ ती अरबी समुद्राला मिळते. चिपळूण समुद्रापासून सुमारे ४० किलोमीटर आत असूनही भरतीचे पाणी तिथपर्यंत पोहोचते. गोवळकोट धक्क्याच्या परिसरातून निघणारी होडीतली मगर सफर आणि घाटपायथ्याच्या वाडीतला मुक्काम, अशी दोन्हींची सांगड येथे घालता येते.

नदीला उन्हाळ्यातही पाणी कसे?

कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. पावसाळा सरला की त्यांचे वरचे पात्र बहुधा आटते. वाशिष्ठीचे तसे होत नाही, याचे कारण कोयना प्रकल्प. कोयना ही मुळात पूर्वेकडे वाहून कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी नदी. तिचे पाणी शिवसागर जलाशयातून बोगद्यांद्वारे पश्चिमेला आणून पोफळी येथील भूमिगत केंद्रात वीज तयार केली जाते. ही वीजनिर्मिती १९६२ मध्ये सुरू झाली. पुढे कोळकेवाडी धरणाच्या टप्प्यानंतर हे पाणी वाशिष्ठीत सोडले जाते. म्हणजे जानेवारीत वाशिष्ठीत दिसणारे गोडे पाणी बरेचसे घाटापलीकडच्या जंगलात पडलेल्या पावसाचे असते. त्या जंगलाचा काही भाग कोयना अभयारण्यात असून तो २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणि २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

मगरी येथे का राहतात?

वाशिष्ठीतली मगर गोड्या पाण्यातली आहे. सुंदरबन किंवा भितरकनिकात आढळणारी खाऱ्या पाण्यातली मगर वेगळी. गोड्या पाण्यातली मगर थोडा खारेपणा सहन करते. वरून सतत येणाऱ्या पाण्यामुळे खाडीच्या वरच्या टप्प्यात खारेपणा मर्यादित राहतो, काठाला उन्हात पडून राहण्यासाठी चिखलाचे उतार आणि खायला मासळी मिळते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिला सर्वोच्च संरक्षण आहे.

सफर कधी करावी?

येथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची. ओहोटीला, म्हणजे स्थानिक भाषेत सुकतीला, चिखलाचे काठ उघडे पडतात आणि मगरी अंग शेकायला बाहेर येतात. भरतीला हेच काठ पाण्याखाली जातात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून निघण्याची वेळ होडीवाल्याला विचारूनच ठरवावी. थंडीचे दिवस सर्वांत चांगले. होडीतून हात पाण्यात घालू नये, मगरींना खाणे टाकू नये. काठावर तिवर, चिपी, कांदळ ही खारफुटीची झाडे दिसतात. यांपैकी पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे.

मुक्काम कुठे आणि कसा?

घाटपायथ्याची गावे वाड्यांमध्ये विखुरलेली असतात. एसटीच्या फेऱ्या मोजक्या, मोबाइलची रेंज बेभरवशाची. घरगुती मुक्कामात तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी असे साधे जेवण मिळते. आधी कळवून जाणे बरे, कारण सामान चिपळूणच्या बाजारातून आणावे लागते. पावसाळ्यात मुक्काम टाळावा. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे येथील धरण फुटले आणि भेंदवाडीतील अनेकांचा बळी गेला.

खाडीपुढचे प्रश्न

एके काळी दाभोळ हे मोठे बंदर होते. १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळले, तरी खाडीतली वाहतूक पुढे शतकानुशतके चालू राहिली. आता पात्रात गाळ साचला आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले, तेव्हा अतिवृष्टी, भरती, गाळ आणि वरून आलेले पाणी यांचा वाटा किती, यावर बराच वाद झाला. त्यानंतर गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. औद्योगिक सांडपाण्यामुळे मासळी मरते, अशी खाडीकाठच्या मच्छीमारांची अनेक वर्षांची तक्रार आहे.

मगरी आणि मच्छीमार दोघेही याच मासळीवर जगतात. त्यामुळे सफरीचा व्यवसाय टिकायचा तर आधी खाडीचे पाणी स्वच्छ राहिले पाहिजे.