पहाटे पाच, जी-उत्तर विभाग

एप्रिल २०२०. धारावीतल्या एका खोलीत तुम्हाला जाग येते. आजूबाजूला घरचे सहाजण दाटीवाटीने झोपलेत. तोंडाला रुमाल बांधून, बादली उचलून तुम्ही बाहेर पडता. गल्ली एवढी चिंचोळी की समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला पाठ लावायची. तरी खांदा घासतोच. वर तारांचं जाळं, पायाखाली गटारावरच्या फरश्या. रात्री बातम्यांत ऐकलेलं सहा फुटांचं अंतर इथे मोजायचं कुठून? वस्तीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला तो १ तारखेला. तेव्हापासून संडासच्या रांगेत कुणी खोकलं की माना वळतात. मग पाण्याची फेरी, रेशनची फेरी. पाय दुखेपर्यंत चालता, पण याला फिरायला जाणं कुणी म्हणत नाही.

आता जूनमध्ये या. ३ तारखेला ‘निसर्ग’ वादळ अलिबागजवळ धडकलं, आणि त्याच दिवसापासून राज्यात टाळेबंदी सैल करणारं ‘पुनश्च हरिओम’: पहाटे पाच ते संध्याकाळी सात, मोकळ्यावर चालायला मुभा. या वेळी तुमचं घर शिवाजी पार्कला आहे. जिना उतरलात की समोर मैदानाभोवतीचा कट्टा, सव्वा किलोमीटरला थोडासाच कमी. ओल्या मातीचा वास, वर पर्जन्यवृक्षांचं छत. समोरून ओळखीचे आजोबा येतात. तुम्ही सहज दहा फूट बाजूला होता, हात हलवता, ते डोळ्यांनी हसतात. तीन फेऱ्या होतात. कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटतं.

दोन्ही घरं मुंबई महापालिकेच्या एकाच, जी-उत्तर विभागातली. साथही तीच. ‘त्या लोकांना आरोग्याचं भानच नाही’ असं कुणी म्हणालं की मला अजून संताप येतो. भान होतं हो, रस्ता नव्हता.

परत एप्रिलमध्ये चला. संध्याकाळी वस्ती बंद करायला लावलेला बांबूचा अडसर ओलांडून तुम्ही लिंक रोडपर्यंत येता. समोर महाराष्ट्र निसर्ग उद्यान, एके काळच्या कचराभूमीवर उगवलेलं सदतीस एकरांचं रान. फाटकाला कुलूप. आत कोकीळ ओरडतोय. रुमाल नाकाखाली सरकवून तुम्ही भिंतीच्या कडेने चालू लागता. शंभर पावलं होतात न होतात तोच मागून पोलिसाची शिट्टी वाजते.