डॉक्टर येईपर्यंत

१ मार्च १९५३, पहाटे ४. मॉस्कोजवळ कुंत्सेव्होच्या बंगल्यातली मेजवानी आटोपली. बेरिया, मालेन्कोव्ह, ख्रुश्चेव्ह, बुल्गानिन हे बडे सोव्हिएत नेते घरी गेले. ७४ वर्षांचा हुकूमशहा स्टालिन झोपायला गेला.

दुपार. खोलीत हालचाल नाही. बोलावल्याशिवाय आत जायची कुणाची छाती होत नाही.

संध्याकाळी ६.३०. आत दिवा लागला. पहारेकऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

रात्री १० नंतर. टपाल द्यायच्या निमित्ताने लोझगाचेव्ह हा पहारेकरी आत गेला. स्टालिन जमिनीवर पडलेला, कपडे लघवीने भिजलेले. काय झालं विचारलं, तर तोंडातून नुसताच 'द्झ... द्झ' असा आवाज. जवळ पडलेलं खिशातलं घड्याळ साडेसहाला थांबलेलं. वाचा गेलेली, उठता येत नव्हतं. याहून स्पष्ट खूण ती काय हवी? पण फोन गेले ते वरिष्ठांना, डॉक्टरांना नाही.

२ मार्च, पहाटे ३ च्या सुमारास. बेरिया आणि मालेन्कोव्ह आले. स्टालिन घोरत होता. बेरिया पहारेकऱ्यांवरच खेकसला: ते गाढ झोपलेत, उगाच घबराट पसरवू नका! हाका मारूनही जो उठत नाही, त्याचं घोरणं झोपेचं नसतं. 'झोपलेत, झोपू दे' हे आपल्याही घरांत म्हटलं जातं, आणि फार महाग पडतं.

सकाळी ७. डॉक्टर पोचले. उजवं अंग लुळं, रक्तदाब १९०/११०. मेंदूत रक्तस्राव. त्याचे नेहमीचे डॉक्टर विनोग्रादोव्ह यांना त्याच्याच राजवटीने कटाच्या खोट्या आरोपाखाली तुरुंगात डांबलं होतं. उपचार म्हणून जळवा लावल्या.

५ मार्च, रात्री ९.५०. मृत्यू.

तेव्हा सीटी स्कॅन नव्हता; डॉक्टर लगेच आले असते तरी तो वाचला असता असं म्हणवत नाही. आज मात्र पक्षाघाताचा झटका मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीमुळे आला असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देता येतं, आणि जितकं लवकर तितका मेंदू जास्त वाचतो. तोंड एकीकडे वाकडं झालं, एक हात उचलून धरता येईना, जीभ अडखळू लागली, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ ला फोन लावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. पाणी किंवा गोळी तोंडात घालू नका, ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. शुद्ध हरपली असेल, श्वास चालू असेल, तर कुशीवर वळवा. आणि माणूस शेवटचा धड कधी दिसला होता ती वेळ लिहून घ्या. साडेचार तास तिथूनच मोजतात.