अठरा अंशांची ज्या

अंजूरचे नाव निघाले की गंगाजी नाईकांची आणि १७३९ च्या वसईविजयाची आठवण निघते. तलवारीचा इतिहास आपण जपतो. पाटीवर लिहिलेला इतिहास मात्र पुसला जातो. त्याची एक खूण पाहायची, तर आमच्या भिवंडीकडून घाट चढून खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटणला जावे लागेल.

प्रश्न तसा शाळकरी आहे. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाशी असलेला प्रत्येक कोन शिरःकोनाच्या दुप्पट आहे, तर कोन किती? शिरःकोन 'क्ष' मानावा. पाच क्ष बरोबर १८०; म्हणून क्ष ३६. न दिसणाऱ्याला आधी नाव द्यायचे, मग त्याला बोलते करायचे, हीच बीजगणिताची युक्ती. आपण 'क्ष' म्हणतो. भास्कराचार्य 'यावत्तावत्' म्हणत, आणि अव्यक्ते अनेक असली तर त्यांना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे देत.

आता समान बाजू १ मानून पायाशी असलेला एक कोन दुभागावा. मूळ त्रिकोणाशी समरूप असा लहान त्रिकोण मिळतो, आणि समीकरण येते: पायाचा वर्ग अधिक पाया बरोबर १. त्यातून निघालेल्या पायाचा अर्धा भाग म्हणजेच १८ अंशांची ज्या. हा त्रिकोण युक्लिडालाही ठाऊक होता. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी'तील ज्योत्पत्तीत रीत सांगितली ती अशी: त्रिज्येच्या वर्गाची पाचपट करून मूळ घ्यावे, त्यातून त्रिज्या वजा करावी, बाकीस चाराने भागावे. त्रिज्या ३४३८ कला धरली, तर उत्तर सुमारे १०६२. ग्रहांची स्थाने आणि ग्रहणांच्या वेळा वर्तवताना अशा ज्या वापरल्या जात.

परंतु श्लोकात रीत आहे. ती खरी का, हे गुरूने समोर बसवून उलगडायचे. उलगडणारा नसेल तर श्लोक पाठ राहतो आणि विद्या जाते. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव, सिंघण यादवाचे ज्योतिषी, यांना हे भय वाटले असले पाहिजे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांनी पाटणला मठ स्थापिला. सन १२०७ चा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. शेवट मात्र मराठीत. मठासाठी बाजाराने काय द्यायचे, ते तिथे नोंदले आहे. त्यात प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल आहे. त्या तेल्याला ज्या म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही गणिताचे 'का' सांगणाऱ्या मठाचा खर्च गावाने उचलला होता. मुलांकडून नुसत्या रीती घोकून घेताना आपण त्या पळीभर तेलाचे देणे विसरतो.