न्यूकॅसलचा १९०८-०९ चा हंगाम
इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या पहिल्या विभागात १९०८-०९ मध्ये २० संघ होते. प्रत्येकाला ३८ सामने, विजयाला दोन गुण. विजेतेपद न्यूकॅसल युनायटेडने पटकावले, पण हंगाम लक्षात राहिला तो एका पराभवामुळे. ५ डिसेंबर १९०८ रोजी शेजारच्या संडरलँडने त्यांना त्यांच्याच सेंट जेम्स पार्कवर ९-१ असे धुतले. मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. न्यूकॅसलचा गोल अल्बर्ट शेपर्डने पेनल्टीवर केलेला. उत्तरार्धात अर्ध्या तासाच्या आत आठ गोल पडले. भावी विजेत्याची घरच्या मैदानावर अशी दाणादाण क्वचितच उडाली असेल. तरी नऊ गोल खाऊन गमावले ते दोनच गुण. न्यूकॅसल सावरला आणि ५३ गुणांसह एव्हर्टनच्या सात गुण पुढे राहिला. संडरलँड तिसरा आला. पाच हंगामांतले न्यूकॅसलचे हे तिसरे विजेतेपद होते.