फादो, मांडो आणि गाण्याचा संग्रह : प्रस्तावना

हैदराबादेत 1901 साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम उभे राहिले आणि निजामाच्या राज्यातल्या तेलुगू वाचकांना हक्काचे ग्रंथालय मिळाले. पुस्तके जपण्याची ही रीत इथल्या मराठी वाचकांच्याही अंगवळणी पडली आहे. गाणे मात्र आपण गाणाऱ्याच्या गळ्यावर सोडून देतो. ते जपायचे तर नेमके काय काय जपायचे, या प्रश्नापासून गाण्याच्या संग्रहाचे हे अभ्यासक्षेत्र सुरू होते.

या प्रश्नाचे एक उत्तर लिस्बनमध्ये मिळते. तिथल्या आल्फामा वस्तीत, पाणी उपसण्याच्या जुन्या केंद्राच्या इमारतीत, 1998 साली फादो संग्रहालय उघडले. एकोणिसाव्या शतकात बंदरालगतच्या गल्ल्यांत आणि दारूच्या गुत्त्यांत वाढलेल्या या गाण्याला युनेस्कोने 2011 साली मानवजातीच्या वारशात स्थान दिले. संग्रहालयात बारा तारांच्या पोर्तुगीज गिटारी आहेत, ध्वनिमुद्रिका आहेत. मला मात्र सेन्सॉरशिपच्या काळातल्या कागदांचे मोल अधिक वाटते. 1927 च्या हुकमाने व्यावसायिक गायकांना परवाना घ्यावा लागे आणि गीतांचे शब्द आधी तपासून घ्यावे लागत. तपासनीसाने खोडलेली ओळ कोणी गायली नसेल, तरी अभ्यासकाला ती हवीच.

फादो आपल्याला परका नाही. गोव्यात सोनिया शिरसाट तो आजही गातात. त्याच्या शेजारी कोंकणी मांडो नांदतो. दोन्हींत विरहाचा सूर आहे, म्हणून मांडोला फादोचे लेकरू ठरवण्याची घाई करू नये. फादो स्तब्ध बसून ऐकायचा. मांडो मूळचा नाचाचा, लग्नघरचा, समोरासमोर संथ पावले टाकत, बायकांच्या हाती पंखा. साथीला व्हायोलिन आणि घुमट. मातीच्या या वाद्याचे तोंड पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत. वन्यजीव कायद्यामुळे आता बकरीचे वापरतात. संग्रहात दोन्ही घुमटे शेजारी ठेवावीत आणि दोन्हींचा नादही मुद्रित करून ठेवावा, म्हणजे काय बदलले ते कानाला कळेल.

या अभ्यासात येणाऱ्याला पोर्तुगीज यायलाच हवी असे नाही. ऐकण्याची चिकाटी हवी. सुरुवात घरातूनही करता येते : आजीच्या ओव्यांची कॅसेट असेल, तर कोणी गायले, कुठे, कोणत्या निमित्ताने, हे विचारण्याजोगे माणूस आहे तोवर लिहून काढावे.