पहिला गरका कुणाचा?

पंढरपुरात तुम्ही बार्शी लाइटच्या अरुंद रुळांवरच्या गाडीत बसलात, कुर्डुवाडीला उतरून जी.आय.पी. रेल्वेची मोठी गाडी धरलीत आणि मुंबई गाठून जुहूच्या मैदानावर आलात. तारीख आहे 15 ऑक्टोबर 1932. दुपारचे दोन वाजत आलेत. कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन निघालेलं ‘पुस मॉथ’ विमान नुकतंच टेकलं आहे आणि त्यातून 28 वर्षांचे जे. आर. डी. टाटा उतरताहेत. बल्लारी-मद्रासचं टपाल आता त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट पुढं नेणार.

या विमानाला सेल्फ नाही. पंखा हातानं फिरवायचा. आधी धोतराचा सोगा घट्ट खोचून घ्या. स्विच बंद आहे, याची वैमानिकाकडून खात्री करून घ्या, मगच पातं धरा. दोन-चार वेळा सावकाश फिरवलंत की सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ओढलं जातं. आता स्विच चालू. पातं जोरात खाली ओढायचं आणि त्याच झोकात मागं सरायचं. मॅग्नेटोला जोडलेली स्प्रिंग ताणली जाते, खटकन सुटते; म्हणून हाताच्या मंद गतीतही जोरदार ठिणगी पडते. जिप्सी इंजिन धडधडू लागतं. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारणाऱ्याला ही घडी बरोबर कळेल. 120 अश्वशक्तीचं यंत्र, पण पहिला गरका माणसाच्या दंडातला. मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच: विमानाचं कुठलंही इंजिन स्वतःहून उठत नाही, आधी कुणीतरी त्याला फिरवावं लागतं.

पुढं चला. फेब्रुवारी 1960, सांताक्रूझ. एअर इंडियाचं पहिलं बोइंग 707, ‘गौरीशंकर’, समोर उभं आहे. पंखाच नाही, तर हात कुठं घालणार? जमिनीवरच्या गाडीतून जाड नळीनं दाबाची हवा येते आणि इंजिनावरच्या छोट्या टर्बाइनला फिरवते. त्यानं इंजिनाचा आतला दांडा गती घेतो. पुरेशी गती आली की ठिणगी आणि इंधन सोडायचं. आता तुमची नजर तापमानाच्या काट्यावरच हवी. हवा कमी पडली तर इंजिन अर्ध्या गतीवर रेंगाळतं, आतलं तापमान मात्र चढतच राहतं आणि टर्बाइनची पाती जळू शकतात. अशा वेळी इंधन तत्काळ तोडायचं. एक इंजिन नीट लागलं की त्याच्याच हवेवर उरलेली तीन उठवता येतात.

1971 मध्ये एअर इंडियाचं पहिलं 747 आलं, आणि हवेची गाडी विमानाच्या शेपटीत जाऊन बसली. तिथलं लहान टर्बाइन म्हणजे एपीयू. ते विमान ढकलत नाही. वीज देतं, केबिन गार ठेवतं, मोठ्या इंजिनांना हवा पुरवतं. त्याला मात्र बॅटरी जागं करते.

आता घराजवळ या. 9 जून 2025, सोलापूरचं होटगी रस्त्यावरचं विमानतळ, पंढरपूरहून सत्तर-बहात्तर किलोमीटर. आषाढी महिन्यावर आली आहे. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडल्यानंतर ज्या दिवसाची वाट पाहिली, तो हाच. फ्लाय 91 ची गोवा सेवा आज सुरू होते आहे. विमान एटीआर 72, आणि त्यात एपीयूच नाही! वजन वाचवायला ते बसवलेलंच नाही.

मग विमानतळावरच्या उन्हात केबिन गार कशी? उजवं इंजिन नीट पाहा. आवाज येतो आहे, मागून गरम झोत सुटला आहे, पण पंखा जागचा हललेला नाही. इंजिनातल्या वायूंचा झोत आधी स्वतःच्या कॉम्प्रेसरची टर्बाइन फिरवतो आणि मग वेगळ्या टर्बाइनवर आदळतो. पंख्याचा दांडा त्या दुसरीलाच जोडलेला. दोघांमध्ये फक्त वायू, लोखंडी जोड नाही. म्हणून पंखा ब्रेक लावून धरता येतो आणि मागचं इंजिन वीज-हवा देत राहतं. वैमानिक याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. प्रवाशांचं दार डावीकडं, शेपटीजवळ. ब्रेक मात्र उजव्याच इंजिनाला. एटीआरच्या फ्रेंच-इटालियन कारागिरांनी छोट्या विमानतळांचा केलेला हा विचार मला फार आवडतो. सोलापूरसारख्या गावी अवजड यंत्रसामग्री असेलच असं धरून ते चालले नाहीत.

दार बंद झालं. उजव्याचा ब्रेक सुटतो, पंखा फिरू लागतो. डाव्या इंजिनाला विजेची मोटर फिरवते. साधारण 45 टक्के गतीला ती आपला हात काढून घेते. गती आणखी चढली की तीच मोटर जनरेटर होते, आणि इंजिनच तिला फिरवून विमानाला वीज पुरवू लागतं. दोन्ही पंखे एका सुरात आले. विमान गोव्यासाठी धावपट्टीकडे वळलं.