थंडर जिंकली, पण टीम मुळात कुणाची?

आज राजकारण नाही. म्हणजे वरवर तरी नाही.

२०२५ च्या जूनमध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर एनबीएची चॅम्पियन झाली. सीझनमध्ये ८२ पैकी ६८ मॅच जिंकल्या, फायनलमध्ये इंडियानाला सातव्या सामन्यात हरवलं. टीम भारी आहे, वादच नाही. तरी आमच्यासारख्या जुन्या बास्केटबॉलवेड्यांना मनापासून टाळ्या वाजवता आल्या नाहीत. कारण ही टीम मुळात सिएटलची.

सिएटल सुपरसॉनिक्स १९६७ ची. १९७९ मध्ये लेनी विल्कन्सच्या कोचिंगखाली चॅम्पियन. १९९६ ला गॅरी पेटन आणि शॉन केम्प यांनी टीमला फायनलपर्यंत नेलं, पण समोर जॉर्डनची शिकागो बुल्स. त्या सीझनच्या बुल्सपुढे कुणाचंच काही चाललं नसतं. तरी सॉनिक्सनी दोन मॅच काढल्याच.

मग २००१ मध्ये स्टारबक्सवाल्या हॉवर्ड शुल्ट्झनी टीम २० कोटी डॉलरला घेतली. रडगाणं एकच, स्टेडियम जुनं झालं, सरकारने पैसे द्यावेत. आता गंमत बघा, ते स्टेडियम १९९५ मध्येच नवं केल्यासारखं करून दिलं होतं! पैसे मिळेनात, तेव्हा शुल्ट्झनी २००६ मध्ये टीम ओक्लाहोमाच्या क्ले बेनेटच्या गटाला ३५ कोटींना विकली. कॉफीवाल्याचा घाटा झाला असं कुणी म्हणू नये.

त्याच नोव्हेंबरात सिएटलकरांनी मतदान करून ठरवलं की खेळाच्या टीमवर शहराचा पैसा लावायचा असेल तर त्यावर किमान सरकारी रोख्यांइतका परतावा मिळाला पाहिजे. जवळपास ७४ टक्के लोक बाजूने. मला हा निर्णय आजही शहाणपणाचा वाटतो. नगरपालिकेच्या सभा कव्हर करून केस पांढरे झालेत माझे, दुसऱ्याच्या धंद्यावर लोकांचा पैसा कसा वळतो ते जवळून बघितलंय.

बेनेटनी रेंटन उपनगरात ५० कोटी डॉलरचं स्टेडियम मागितलं, मोठा वाटा अर्थातच सरकारचा. विधिमंडळाने नाही म्हटलं. टीम सिएटलमध्येच ठेवायचा प्रयत्न करतोय, असं ते सांगत राहिले. पण २००७ मध्ये त्यांचेच भागीदार ऑब्रे मॅक्लेंडन एका वर्तमानपत्राशी बोलताना खरं बोलून गेले, की टीम सिएटलमध्ये ठेवायला घेतलेलीच नव्हती. एनबीएने त्यांना अडीच लाख डॉलर दंड केला. खोटं बोलल्याचा नाही हो, खरं बोलल्याचा!

२००८ च्या जुलैत कोर्टातला वाद मिटला. भाडेकराराची दोन वर्षं बाकी होती, ती सोडवायला साडेचार कोटी डॉलर. सॉनिक्स हे नाव आणि हिरवा-सोनेरी रंग मागे राहिला. एकोणीस-वीस वर्षांचा केव्हिन ड्युरंट मात्र गेला, नुकताच ‘रूकी ऑफ द इयर’ झालेला. सिएटलकरांना त्याचा पहिलाच सीझन बघायला मिळाला.

ओक्लाहोमाच्या लोकांना मी दोष देत नाही. कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सची टीम दोन सीझन त्यांच्याकडे खेळली, लोकांनी डोक्यावर घेतली. मोठ्या लीगची दुसरी टीम नाही, शहर लहान. आणि त्यांचा मॅनेजर सॅम प्रेस्टी म्हणजे चिवटपणाची कमाल. ड्युरंट सोडून गेला, हार्डन आणि वेस्टब्रुकला त्याने स्वतःच ट्रेड केलं. पॉल जॉर्जच्या बदल्यात २०१९ मध्ये शे गिलजस-अलेक्झांडर आणि पिक्सचा ढीग घेतला. त्यातल्याच एका पिकवर आलेल्या जेलन विल्यम्सने फायनलच्या पाचव्या मॅचला ४० पॉइंट मारले. मधली दोन वर्षं टीम सपाटून हरत होती, तरी हा गडी हलला नाही.

सिएटलची बाजू घेताना एक गोष्ट मात्र लपवता येत नाही. २०१३ मध्ये सिएटलचे धनिक सॅक्रामेंटो किंग्ज विकत घेऊन आपल्या शहरात न्यायला निघाले होते. स्वतःचं दुःख दुसऱ्याच्या दारात! मालकांच्या मतदानात २२ विरुद्ध ८ ने ते फेटाळलं गेलं आणि टीम घेतली मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने. २०१९ मध्ये किंग्ज मुंबईत वरळीच्या डोममध्ये खेळले ते त्यामुळेच. पण हिशोब पूर्ण सांगतो. सॅक्रामेंटोत टीम टिकली, त्यामागे नव्या स्टेडियमसाठी शहराने घातलेले साधारण साडेपंचवीस कोटी डॉलर होते.

आणि ओक्लाहोमा? २०२३ च्या डिसेंबरात तिथल्या मतदारांनी सहा वर्षांसाठी एक टक्का विक्रीकर मंजूर केला. नवं स्टेडियम किमान ९० कोटी डॉलरचं, त्यात मालकांचा वाटा ५ कोटी. ७१ टक्के लोकांनी हो म्हटलं. एकदा टीम पळवून आणलेल्या गावाला, टीम कशी पळते हे दुसऱ्या कुणी समजावून सांगावं लागत नाही.